बावन्न माणसांची गाडी

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

बजाजनगर,
ता. ६ जानेवारी १९९२

ती. चतुराअक्कास, धाकटा भाऊ सूर्यभानचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अंगणवाडीतली पोरं तू दिलेली मोडाची मटकी ताटाखाली लपवतात, हे वाचून द्वारका लई हसली. म्हणाली, वन्संच्या हातून मटकी चुकवणारं अजून जन्मलं नाय. इकडं कंपनीची बस तीच आणि पहिल्या पाळीची बावन्न माणसं तीच. पहाटे सिडकोतून उचलायची, वाळूजच्या गेटवर सोडायची.

एक गोष्ट सांगतो, द्वारकाला कळू देऊ नकोस. दिवाळीपासून तहान लई लागत होती. डॉक्टरकडं गेलो तर साखर निघाली. गोळ्या दिल्यात. म्हणाले, गोड बंद करा, वेळेवर जेवा, रोज तासभर चाला. आपला बाप मेंढरांमागं दिवसाला आठ कोस चालायचा. मी गाडीपासून कँटीनपर्यंत चालतो, आणि तिथं गेलं की गरम भजी अन् गोड चहा. ड्रायव्हरनं चालायचं तरी कधी?

परवा नगर रस्त्यावर डोळ्यांपुढं धुरकट झालं. समोरच्या ट्रकचे दोन दिवे चार दिसले. भानावर आलो तवा डावी चाकं रस्त्याखाली उतरली होती, खड्डा हातभर राहिला होता. मागं सगळे झोपलेले. एकटा सांडू फिटर जागा होता. त्याला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. त्यानं कुत्र्याला दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा मान टाकली. तुला सांगितलं, मन हलकं झालं.

तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा,
सूर्यभान


पैठण,
ता. १० जानेवारी

चि. सूर्यभान यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं मन हलकं झालं, माझं जड झालं. पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या खड्ड्यापाशी येऊन थांबले.

साखर झाली म्हणून घाबरू नको. आमच्या पर्यवेक्षिका बाईंना आठ वर्षं झाली, अजून अख्खं गाव पायी फिरतात. दोन वेळेला ज्वारीची भाकरी, मेथी नायतर शेपू, वाटीभर मटकी, ताक. चहा बिनसाखरेचा. उपाशी राहायचं नाय आणि एकदम गच्च पण जेवायचं नाय. गोळी चुकवायची नाय. संध्याकाळी पायात चपला अडकवायच्या आणि निघायचं. द्वारकाला सांग, कारण भाकरी ती थापते. बायकोपासून आजार लपवून तो बरा झालेला मी तरी पाहिला नाय.

हे सगळं तुला जमंल. पण जमेपर्यंत गाडी चालवू नको. साहेबांना स्वतः जाऊन सांग. त्या बावन्न जणांनी तुझ्या भरवशावर डोळे मिटलेले असतात, बाबा. एकदा कुत्र्याच्या नावावर सुटलास. दुसऱ्यांदा कुणाचं नाव घेशील?

उत्तर लगेच टाक. जीव टांगणीला आहे.
तुझी,
अक्का


बजाजनगर,
ता. १५ जानेवारी

ती. अक्कास सूर्यभानचा नमस्कार. 

साहेबांना सांगितलं की गाडी गेली म्हणून समज. अकरा वर्षं ड्रायव्हरकी केली, कुणाला खरचटलं नाय. या वसाहतीत मला ड्रायव्हरसाहेब म्हणतात. उद्या हातात झाडू देतील. तुला अंगणवाडीत बसून हे कळायचं नाय.

भजी सोडली आहेत. चहात साखर अर्धी केली आहे. डोळे ठीक आहेत. काल पहाटे जरा अंधुक वाटलं, पण ते धुक्यानं असंल. हा विषय आता इथंच बंद कर.

सूर्यभान


पैठण,
ता. १९ जानेवारी

चि. सूर्यभान यास आशीर्वाद.

इथं आठ दिवस धुक्याचा मागमूस नाय, आणि बजाजनगर काय काश्मिरात नाय.

तुझ्या कंपनीच्या गाडीखात्याच्या साहेबांना मी आज पत्र लिहिलं. तुला साखर आहे, दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली, तपासणी होईस्तोवर याला गाडी देऊ नका, एवढंच लिहिलंय. सकाळी पाकीट पेटीत टाकताना हात तसाच आत धरून उभी राहिले. मागच्या माणसानं विचारलं, बाई, टाकता का नाय? टाकलं.

तुझ्या पाठीमागं करत नाय म्हणून तुला कळवते. दोन्ही पत्रं एकाच थैलीतून निघतील. माझं पत्र साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आत तू जा. माझ्याशी बोलणं सोडशील, ठाऊक आहे. सोड. पण जा.

तू काहीही म्हणालास तरी तुझीच,
अक्का


बजाजनगर,
ता. २७ फेब्रुवारी

ती. चतुराबाई वन्संना द्वारकाचा पदर पसरून नमस्कार. 

तुमची पत्रं यांच्या खाकी कोटात सापडली, तवा मला सगळं कळलं. आधी तुमचाच राग आला. माझ्या नवऱ्याला साखर आणि मला ठाऊक नाय, तुम्हाला ठाऊक! मग दुसऱ्यांदा वाचलं आणि रडले.

हे काही साहेबांकडं गेले नाय. तुमचं पत्र वाचूनसुद्धा दुसऱ्या दिवशी गाडी काढली. गेटवर साहेबच उभे होते. कंपनीच्या डॉक्टरनं रक्त तपासलं तर तीनशे चाळीस. त्याच दिवशी किल्ली घेतली आणि यांना हत्यारांच्या स्टोअरमध्ये बसवलं, नट-बोल्टाचे पाने मोजून द्यायला. घरी येऊन डबा आपटला. म्हणाले, अक्काचं नाव या घरात काढायचं नाय.

कंपनीच्या बसमध्ये गिऱ्हाईकासारखं बसायला यांना लाज वाटते. म्हणून स्टोअरला चालत जातात. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. रागानं चालतात वन्सं, मान खाली घालून, कुणाशी न बोलता. राग काही उतरत नाय, पण साखर उतरली. परवा दोनशे दहा आली. पहिल्या आठवड्यात मटकीची वाटी सरकवून द्यायचे. आता मुकाट्यानं खातात. गव्हाच्या पोळ्या मीच बंद केल्या. संध्याकाळी मी पण दहा पावलं मागं राहून चालते.

हे पत्र यांना न सांगता लिहिते. माझ्यावर लोभ धरा.
द्वारका


पैठण,
ता. ३ मार्च

सौ. द्वारकास आशीर्वाद.

रागानं चालू दे. पाय हलले म्हणजे झालं. माझं नाव काढू नको, पण रोज त्याचे तळपाय बघत जा. साखरेत पायाला जखम झाली तर कळत नाय. आणि दहा पावलं मागं कशाला? बरोबरीनं चाल.

तुझ्या पत्राची वाट बघते.
चतुरा


बजाजनगर,
ता. २१ जून

ती. चतुराअक्कास, सूर्यभानचा नमस्कार. 

पाच महिन्यांनी लिहितोय. मधल्या काळात तुझी चार पत्रं आली, उघडली नव्हती. काल चारी उघडली.

साखर आता एकशे तीसवर आहे. डोळे तपासले, बरोबर निघाले. एक तारखेपासून गाडी परत दिली, दर महिन्याला तपासणीच्या अटीवर. स्टोअरचं काम सुटलं तरी सुट्टीच्या दिवशी पण चालायला जातो. न चाललं तर अंग जड वाटतं.

पण लिहायचं कारण येगळं आहे. आमचा बन्सी, दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर, माझ्यापेक्षा जुना. दिवसभर पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला. बारा दिवसांमागं गेटवर ब्रेक उशिरा लागला. मी त्याला बाजूला घेतलं, माझं सगळं सांगितलं, तपासून घे म्हणालो. तो म्हणाला, उन्हाळ्याची तहान आहे, तू तुझं बघ. मग आण घातली, की कुणाला बोलशील तर याद राख. तीन दिवस गप्प राहिलो. चौथ्या दिवशी साहेबांकडं गेलो. त्याची साखर चारशेच्या वर निघाली.

आता बन्सी स्टोअरमध्ये बसतो. त्याच्या बायकोनं नळावर द्वारकाला नाय नाय ते ऐकवलं. मी रोज गेटवर त्याला रामराम घालतो आणि तो मान फिरवून घेतो. आठच दिवस झालेत, अक्का, तर भाकरी घशाखाली उतरत नाय. तू पाच महिने कसे काढलेस?

येत्या रविवारी पैठणला येतो. शिव्या घालायच्या तेवढ्या घाल, पण माझ्याशी बोल.

तुझा,
सूर्यभान