तुले कोन्त्या समुद्रात जाचं हाये?

बाबा, तुम्ही गावातल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलंत, मला सोडून. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून सरळ तिथूनच सुरुवात करते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या विहिरीवर नुसती जत्रा असायची. बीबी गावच्या बाजारातून आणलेला तेलाचा रिकामा डबा, तोंड झाळून बंद केलेला, पोराच्या पाठीला बांधायचा. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक तुमच्या हातात. मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायची. मला वाटायचं, ही रांगच आहे, आज ना उद्या माझा नंबर लागेल.

एका दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं, तेव्हा मी स्वतःच डबा पाठीला बांधला आणि तुमची वाट पाहत उभी राहिले. तुम्ही येता. ओरडत नाही. गाठ सोडता, डबा काढून घेता आणि काठावरच्या शेंदूर फासलेल्या सात दगडांकडे बोट दाखवता. "त्या आसरा हायेत, पान्यातल्या बाया. पोरगी पाण्यात दिसली का पाय धरून खाली नेतात." मी विचारते, "मंग पोरायले काऊन नाही नेत?" तुम्ही हसता. "तुले काय कराचं हाये पोहून? तुले कोन्त्या समुद्रात जाचं हाये?" संध्याकाळी चुलीपुढे हीच गोष्ट तुम्ही माझ्या चुलतभावांना रंगवून सांगितलीत, माझं तोंड कसं पडलं त्याची नक्कल करून दाखवलीत. सगळे पोट धरून हसले. आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "भेव कायले घालता लेकराले?" तुम्ही म्हणालात, "भेव असलेलं बरं. पोरगी विहिरीपासून दूर राह्यते." आणि तुम्ही स्वतः त्याच दगडांवर ओला टॉवेल वाळत घालायचात.

तर बाबा, मी समुद्राकडेच आले. इथल्या एका संस्थेत शिकवते. समुद्रातल्या जीवांवर संशोधन करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात आणि मी त्यांना पाण्याखालचा रोबोट चालवायला शिकवते. तुमच्या डब्यापेक्षा थोडासाच मोठा असतो तो. बोटीवरून सोडला की खाली जातो आणि प्रवाळ, मासे, तळाचा गाळ, जे दिसेल ते वर पडद्यावर दाखवतो. एकजण पडद्यात पाहून तो चालवतो, दुसरा त्याला जोडलेली केबल धरतो. सगळ्यांना पडद्यापुढे बसायची घाई असते. मी आधी केबल हातात देते. ताणली तर रोबोट मागे ओढला जातो, फार सैल सोडली तर खडकात गुंतते. खाली काय चाललंय ते हाताला कळलं पाहिजे, असं मी दर वर्षी सांगते. हे सगळं संस्थेच्या हौदावर, काठावर कोरडी उभी राहून. कारण पोहता येत नाही त्याने बोटीवर चढायचं नाही असा नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे. मुलं तयार होतात, बोटीत बसतात, समुद्रावर जातात. मी धक्क्यावर वॉकीटॉकी घेऊन उभी. कपडे सांभाळायचं काम काही सुटलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग नंतर शिकायचं होतंस, कोणी अडवलं होतं? ऐका. यंदा लांबच्या मोहिमेची प्रमुख म्हणून माझं नाव आलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते आलं, फक्त पोहण्याची परीक्षा द्यायची होती. पन्नाशीला टेकलेली मी तरणतलावावर गेले. शिकवणारी पोरगी गोड होती. "मॅडम, पाय सोडा, मी धरलंय," म्हणाली. मी पाय सोडले आणि माझा घोटा कुणीतरी धरला. कोणी नव्हतं, बाबा. पाण्याच्या तळाशी कुणी बाया बसलेल्या नसतात, हे माझ्याइतकं पाहिलंय कुणी? पण पाय ऐकेनात. कठड्याला घट्ट धरून मी लहान मुलीसारखी रडले. पुन्हा गेले, पुन्हा तेच. शेवटी माझ्या जागी माझ्याच एका विद्यार्थिनीचं नाव दिलं. मला तुमचा राग येतो. तुम्ही चार घटका हसायला एक गोष्ट सांगितलीत, आणि मी जन्मभर काठावर राहिले.

ती विद्यार्थिनी चिखलीची. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून तिने विचारलं होतं, "मॅडम, तुमी आमच्याच इकडच्या हाये का?" परवा बोट सुटायच्या आधी ती धक्क्यावर केबल गुंडाळत होती. मी सवयीने तिची पकड सुधारली, अंगठा बाहेर ठेवायला सांगितला. ती म्हणाली, "मॅडम, हे असं धराचं तुमाले कोनं शिकवलं?"

आपली विहीर चुलतभावाने बुजवली, शेतात आता बोअर आहे. नाहीतर हा कागद तिथेच नेऊन टाकला असता. आता माझ्या टेबलाच्या खणात पडून राहील. तेव्हा एक सांगून टाकते. दोराची तशी पकड तुम्ही विहिरीवर चुलतभावाला शिकवत होतात, मी मांडीवर कपडे घेऊन पाहत होते. पण त्या मुलीला मी सांगितलं, "माझ्या बाबांनी."

"लय चांगले असतील मंग ते," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. खोटं बोलले, बाबा. पण म्हणताना फार बरं वाटलं.