तुमचं मंडळ

बाबा,

तुमच्या मंडळाची साइट नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण नाट्यसंगीतावर तावातावाने भांडणारी ती मूठभर माणसं अजून तशीच आहेत. कुणाचं मत खोडायचं तर आधी 'सविनय' लिहायचं आणि मग त्याची सालटी काढायची. साइट सांभाळणारे तुमचे मित्र, आयसेलिन गावचे काका, आता थकले. "तू सॉफ्टवेअरमधली, तूच मायग्रेट कर बाई," म्हणाले. मी इथे बॉथेलला माझ्या घरी बसून कामाला लागले.

आई गेल्यावर शुगर लँडच्या घरात तुम्ही कॉम्प्युटर स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. मी आले की तेच चित्र. पोहे गार होताहेत आणि तुम्ही मंडळाच्या साइटवर तुमचा सिद्धांत टाइप करताय: जुन्या तबकड्या चुकीच्या वेगाने वाजवल्या जातात, म्हणून आपण ऐकतो तो त्या गायकांचा खरा आवाजच नव्हे. तेलाच्या पाइपलाइनींवर हयात घालवलेले तुम्ही, आकडेमोड चोख. पण कुणी रंगभूमीच्या पडद्यांचा विषय काढला तरी तुम्ही फिरून तबकड्यांवरच यायचात. मी एकदा म्हटलं, "बाबा, लोक बोअर होतील." तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "कळत नसेल तर मध्ये बोलू नकोस." पुढे उत्तरं येईनाशी झाली, तेव्हा फोनवर सांगायचात की हल्ली लोक विचार करून लिहितात, वेळ लागतो. "माझी काळजी करू नकोस, मंडळ आहे." मी खरंच निर्धास्त झाले.

गेल्या आठवड्यात सभासदांची सेटिंग्ज हलवताना कळलं. त्यातल्या एकूण एकाने तुम्हाला म्यूट केलं होतं. तुमचं लिहिलेलं कुणाच्याच पानावर दिसत नव्हतं. शेवटच्या काळात तुम्ही रोज सकाळी लिहीत होतात आणि वाचायला कोणी नव्हतं. मी काकांना फोन केला.

"अगं, बॅन केलं असतं तर त्याला कळलं असतं," ते म्हणाले. "म्यूट केलं की कोणी हर्ट होत नाही."

"पण काका, सगळ्यांनीच?"

"प्रत्येकाला वाटलं, बाकीचे वाचतायत."

मला त्यांचा भयंकर राग आला. फोन ठेवून बराच वेळ रडले. मग ठरवलं, निदान मी तरी तुमचं सगळं वाचायचं, म्हणजे ते कुणीच वाचलं नाही असं होणार नाही. शनिवार-रविवार बसून वाचून काढलं. मन जरा हलकं झालं. मुलीलाही सांगितलं, "आजोबांचं सगळं वाचलं मी."

काल, एक संदेश नव्या सर्व्हरवर नीट उतरलाय का बघायला परत उघडला. तुमच्या जाण्याच्या आधीच्या महिन्यातला. वेगाच्या हिशेबांच्या मधोमध दोन ओळी होत्या. हल्ली हात थरथरतो, सुई तबकडीवर ठेवता येत नाही. संध्याकाळी फार एकटं वाटतं, कुणी फोन कराल का?

हे मी मंडळावर टाकणार नाही, मुलीलाही दाखवणार नाही. फक्त तुम्हाला सांगते. तो संदेश मी रविवारीच वाचला होता, बाबा. तबकड्यांचा वेग सुरू झाला आणि मी पान भराभर खाली सरकवत गेले.