माझ्या वाटणीचे चार दिवस

आये, काल लोणावळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि मी कण्हले. आवाज अगदी तुझा. दचकून मागं पाहिलं, तर मागं नुसती भिंत. लिव्हरवर चरबी साठलीय म्हणाल्या, आणि मग विचारलं, पहिली पाळी कितव्या वर्षी आली? म्हटलं, म्हातारीच्या लिव्हरला हा कसला प्रश्न! तर म्हणे, फार लवकर पाळी आलेल्या बायकांत हे दुखणं जरा जास्त दिसतं. प्रत्येकीला होतंच असं नाही.

मला नववं होतं, तुला ठाऊकच आहे. तिकोणा पेठेच्या आपल्या परसात मी घाबरून रडतेय आणि तू माझं तोंड दाबून धरलंयस. "कुनाला बोलायचं न्हाई. मला धाव्या वर्सी आलं अन् म्हैन्यात लगीन लावून उजवून टाकली. तू साळंत जायाचं." तेव्हापासून माझे दिवस आले की गोठ्यापाशी बाहेर तू बसायचीस. तुझे चार वेगळे, माझे चार वेगळे. वाळत टाकलेली फडकी सगळी तुझीच. मी चुलीपुढं भाकरी थापायची, देवाला दिवा लावायची, आणि तू तिकडून एकटक बघत असायचीस. बाया कुजबुजायच्या, हिला महिन्यात दोनदा कसं? मी सातवी पास झाले तेव्हा कुठं तू गावात सांगितलंस, पोरीला न्हाण आलं.

मी मास्तरीण झाले तोवर तुझे डोळे पिवळे झाले होते, पोट फुगलं होतं. सारखा हात उजव्या कुशीत. कावीळ उतरवणाऱ्यानं चुन्याच्या पाण्यात तुझे हात धुतले, पाणी पिवळंधमक झालं. मी परात उचलायला गेले, तशी तू ती लांब सरकवलीस. "शिवू नगं. ह्ये माजं हाय." मला मात्र वाटलं, हेही माझंच, माझ्या दिवसांसारखं तू अंगावर घेतलंयस. वेडा विचार आहे, कळतं मला. पण तुझ्यामागं इतक्या वर्षांत तो गेलेला नाही, आणि काल तर दुखणं खरंच माझ्या कुशीत येऊन बसलं.

डॉक्टरीणबाईंना मी तेरावं सांगितलं. त्यांनी तेच लिहून घेतलं. सोमवारी परत जायचंय, तेव्हा खरं सांगायला हवं. तुला लिहिलेला हा कागद तर पेटीतच राहणार, म्हणून तुला तेवढं सांगते. काल मी नऊ म्हणायलाच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ओठांवर तुझा हात आला, शेणामातीच्या वासाचा, गार. आये, तो मला काढावासाच वाटला नाही.