चुकीच्या बाजूचा जिना

ती. आईस, वाकून नमस्कार.

गेल्या पत्राच्या कोपऱ्यात मी आपल्या गच्चीचं चित्र काढलं होतं. त्यात जिना डावीकडे दाखवला, तो उजवीकडे हवा. मी मुद्दाम चुकवला होता. माफ कर.

मी बरी आहे. थंडी सरली, स्वेटर पेटीत गेला, ऊन आता दुकानातल्या काउंटरपर्यंत येतं. तुझा खोकला थांबला का?

अशाच दिवसांत आपण रजया गच्चीवर वाळत घालायचो आणि बाबा त्यांच्या आडोशाला बसवून मला चित्रं, अक्षरं शिकवायचे. अजूनही माझ्या प्रत्येक चित्रातली चूक काढून ते लिहितात, "मास्तरीणबाई, नीट बघा!" या वेळी तू लिहिलंस, "बाबा चित्र कितीतरी वेळ बघत होते, फार आवडलं." स्वतः उभं राहून बांधून घेतलेला जिना बाबांना खटकला नाही? आणि त्यांची सही तिरकी घसरत तुझ्या ओळींवर का गेली?

चष्म्याच्या दुकानात रोज पाहते, आई. नजर गेलेली माणसं भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ म्हणून दाखवतात आणि सोबतची बायको म्हणते, "यांना सगळं दिसतं हो!" तू तशी वागत नाहीस ना? माझा संशय खोटा ठरला तर खुशाल कान धर.

तुझी धाकटी

ता. क. रजा मिळाली. बाबांना सांगू नकोस. दार त्यांनाच उघडू दे, मी गप्प उभी राहीन. रविवारी, बावीस फेब्रुवारीला, सकाळी नऊ वाजता.