नादारी, दादांच्या नावानं

१२ जून ७१, शनिवार
बी.ए.चा निकाल. अर्थशास्त्र, दुसरा वर्ग. घरात पेढे. पहिला वर्ग हुकला म्हणजे गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीचा रस्ता बंद.

दादा लेकीच्या कौतुकात सकाळपासून ओट्यावर. येईल त्याला एकच सांगतात, "आमची मंदा ग्रॅज्वेट झाली." समोरच्याला शब्द कळला नाही की जास्तच खूष.

मामांनी तीन वर्षं नगरला ठेवून घेतलं, फी भरली. आज पेढा खाऊन म्हणाले, "माझं काम झालं. आता पुढचं तुमचं तुम्ही बघा." रागानं नाही म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या तीन मुली आहेत.

पुण्याला एम.ए. करायचंच. कसं, ते माहीत नाही.

१५ जून, मंगळवार
पहिल्या एस्टीनं नगर. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्कसाहेबांना गाठलं. म्हातारे आहेत, पण सांगतात नीट. मला लागू पडतील अशा वाटा दोनच.

एक, ई.बी.सी. वडलांचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलं तर फी माफ. तलाठ्याचा दाखला हवा. दुसरी, सरकारची कर्ज शिष्यवृत्ती. तीत वसतिगृह, पुस्तकं, सगळं भागेल, पण नोकरी लागल्यावर फेडायची. जामीन लागतो. दोन्ही अर्ज इथूनच शिफारशीनं पुण्याला जातील, १६ जुलैच्या आत.

समाजाच्या बोर्डिंगचं विचारलं. "ते मुलांसाठी." कमवा आणि शिकाचं विचारलं. "तेही बहुतेक मुलांनाच देतात." बहुतेक म्हणजे काय, ते विचारायला हवं होतं.

मी ई.बी.सी. तीनदा लिहून घेतलं तेव्हा हसले. "घाबरता काय एवढ्या? आपली जुनी नादारीच हो ती. आमच्या शाळेत निम्मा वर्ग नादारीवर शिकला."

नादारी. शब्द आवडला. ई.बी.सी.पेक्षा आपला वाटतो.

विमल भेटली. तीही एम.ए.ला येणार. घरची विहीर, इंजिन, मोसंबीची बाग, आणि उत्पन्न मर्यादेच्या आत! "तलाठी भाऊसाहेब विचारतात किती लिहू, आपण सांगायचं." मी म्हटलं, हे खोटं आहे. ती म्हणाली, "तू आधी दाखला तर काढ, मग हरिश्चंद्र हो." परतताना एस्टीत तिच्याशी मनातल्या मनात भांडत आले. दर वेळी तीच जिंकली.

१८ जून, शुक्रवार
चावडीवर गेले. भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, कर्जतला गेलेले. पाचसहा म्हातारी माणसं पान खात बसलेली. कुणीतरी विचारलं, काय काम काढलं?

म्हटलं, "नादारीसाठी दाखला पाहिजे."

पान चघळायचं थांबलं. एक जण म्हणाला, "कुनाची गं नादारी? तुज्या बापाची?"

"व्हय. दादांच्याच नावानं लागतो."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं, मुलगी शिकतेय याचं कौतुक.

२१ जून, सोमवार
कौतुक कसलं.

आज बाईनं, म्हणजे आईनं, चुलीपाशी ओढून विचारलं, "कोर्टात काय लिवून दिलंस?" मला काही समजेना. मग कळलं. गावात नादारी एकच. नगरच्या कोर्टात उभं राहून हात वर करायचे, माझ्याजवळ आता काही उरलं नाही, सावकारांनी माझा नाद सोडावा. म्हणजे दिवाळं. तीस वर्षांपूर्वी गावातल्या एका दुकानदारानं घेतली होती, अजून त्याच्या नातवाला "नादाऱ्याचा" म्हणतात.

आणि मी भर चावडीवर सांगून आले, दादांच्या नावानं.

वर थोरल्या भावाच्या, आप्पाच्या, सोयरिकीचा घोर. त्याची सुपारी फुटलीय, लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर. जामखेडकडच्या पाहुण्यांपर्यंत ही बातमी पोचली. त्यांचा माणूस आज येऊन गेला. दारातूनच बैलांकडे बघत उभा. "बैल हायेत की अजून," म्हणाला. दादांनी त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर कप स्वतः विसळला. दादांनी कधी कप विसळला नव्हता.

मी समजावलं. नादारी म्हणजे फक्त फी माफ, दादा. माफी.

"माफी? माफी मागाया आपन काय गुन्हा केलाय?"

या शब्दांनी मला बी.ए.त कुठेही दगा दिला नव्हता.

२३ जून, बुधवार
दादा नवा फेटा बांधून स्वतः चावडीवर गेले. तिथून परस्पर जामखेडकडं. संध्याकाळी येऊन दाखला माझ्या हातावर ठेवला. "घे. दाव तुज्या कालेजात. मी बी पाहुन्यांस्नी दावून आलो."

आकडा वाचला. परत वाचला. आमच्या कोरडवाहू रानात एवढं पिकलं तर आम्ही मिरजगावात नसतोच.

"दादा, हे कुठून आलं?"

"भाऊसाहेब म्हनला किती लिवू. म्हनलं लिवा, हात आखडू नका." खुशीत होते. अजून न खोदलेल्या विहिरीचं पाणीसुद्धा धरलंय, आप्पा म्हणतो.

बाई हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. पाहुणे निवांत झाले. गाव निवांत झालं. माझीच पुण्याची वाट बंद.

२६ जून, शनिवार
भाऊसाहेबांकडे. म्हटलं, खरं उत्पन्न लिहून दुसरा दाखला द्या. चष्मा काढून बघत राहिले. "एका घराला एका सालात दोन उत्पन्नं? बाई, तुमच्या वडलांनी सांगितलं ते लिहिलं. त्यांना घेऊन या, ते सांगतील ते पुन्हा लिहू."

"पण खरं किती?"

"खरं अजून कुणी मागितलं नाही. सवय नाही मला."

विमलच्या दाखल्यावर मी चिडले होते. आता माझ्याच घरात तिच्या उलट खोटं. तिचं खोटं तिला पुण्याला नेणार, आमचं मला चुलीपाशी बसवणार. खोट्यांतही असा भेद.

३० जून, बुधवार
नगर. म्हटलं, माफी नको तर नको, कर्ज घेऊ. हेडक्लार्कसाहेबांनी समजावलं. शिक्षिका झाले तर दर वर्षाच्या नोकरीमागं कर्जाचा दहावा हिस्सा सुटतो. मी जागीच शिक्षिका झाले. मग त्यांनी दाखला मागितला. बघून माझ्याकडे बघितलं. "एवढं उत्पन्न असलेल्याच्या मुलीला सरकार कर्ज कशाला देईल? याला पण मर्यादा आहे, बाई."

म्हणजे दोन्ही दारांना किल्ली एकच.

घरी येऊन तरी सांगितलं. कर्ज म्हटल्यावर दादा सावरून बसले. "हां, हे बोल की. कर्ज घेनाऱ्याची पत असती. देतो सही." दहाव्या हिश्शाचं सांगितलं तर, "ते सुटायबिटायचं न्हाई. घेतलं तर पुरं फेडायचं." बाई मधेच, "फेडनार कोन? लगीन झाल्यावर हिच्या घरचे फेडत्याल व्हय?" यावर दोघं तासभर. दाखल्याचं मी सांगितलं ते कुणी ऐकलंच नाही.

४ जुलै, रविवार
ऐकलं. दादा म्हणाले, "आवंदा थांब. आप्पाचं लगीन हुस्तवर. मग म्हनशील तसा दाखला काढू."

तुळशीच्या लग्नानंतर म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्षात माझ्यासाठी स्थळ येणार नाही असं थोडंच आहे. बाईच्या चेहऱ्यावर ते आधीच होतं.

आप्पाला म्हटलं, तू तरी खरं सांग पाहुण्यांना. आप्पा चांगला आहे. म्हणाला, "सांगतो की." आणि गोठ्यात गेला तो गेलाच.

वाचायला घेतलं की तीच ओळ. भिंतीला पाठ लावली की उठावंसं वाटतं. उठले की जायला जागा नाही.

९ जुलै, शुक्रवार
आज मी हट्ट केला नाही. दादांपुढे पाटी घेऊन बसले. "मला उत्पन्न काढता येत नाही दादा. शिकवा."

म्हणाले, "बी.ए.ला न्हाई शिकवलं?"

"राष्ट्राचं शिकवलं. आपल्या घराचं नाही."

हसू आवरलं नाही त्यांना. मग एकेक वावर. कुठल्या तुकड्यात ज्वारी, किती घरात खायला राहते, किती बाजारात जाते, कडबा बैल किती खातात. मी खाल्लेली ज्वारीही धरली, तर म्हणाले, "पोटात गेली ती कशी गं मिळकत?" म्हटलं, पुस्तकात धरतात. "मग तुजी बाई रानात राबती ते बी धर." पुस्तकात ते धरत नाहीत. मला लाज वाटली, कुणाची ते कळलं नाही. दोन तास गेले. माझ्या दोन चुका त्यांनी काढल्या, बियाणं आणि औताचं भाडं मी वजाच केलं नव्हतं.

खाली आकडा आला. मर्यादेच्या बराच आत.

दादा पाटीकडे बघत म्हणाले, "एवढंच?"

मग उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बाई म्हणाली, "कशाला दावलंस? त्यांस्नी ठावं न्हवतं व्हय?" खरंच, कशाला दाखवलं? मला खरं हवं होतं. त्यांना त्याचं ओझं होईल हे मनात आलंच नाही.

१२ जुलै, सोमवार
विमलचं पत्र. तिचे दोन्ही अर्ज गेले. पुण्यात खोली माझ्यासाठीही बघते आहे म्हणते. उत्तर लिहिलं नाही.

घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलतात.

१४ जुलै, बुधवार
पहाटे दादांनी उठवलं. नवा फेटा. आप्पाही तयार, तोंड उतरलेलं.

"परवा जो निघाला, तो आकडा सांग."

सांगितला. पुन्हा सांग म्हणाले. मग ओठांत पुटपुटत बाहेर पडले, लहान मुलानं पाढा घोकावा तसे. कुठे, ते बाईनं सांगितलं. जामखेडकडं. पाहुण्यांना. "म्हनले, दुसरा दाखला काढला की गावातून कळंल त्यांस्नी. त्यापरीस आपल्या तोंडानं सांगावं. आदी पाहुने, मंग भाऊसाहेब."

मी दिवसभर घरात-ओट्यावर, ओट्यावर-घरात. दादांनी जायला नको होतं म्हणावंसं वाटतं, आणि मनात अर्जाचे रकाने भरते. दोन्ही मीच. आप्पाचं लग्न मोडलं तर मी पुण्यात कुठल्या तोंडानं बसणार? आणि नाही मोडलं तर परवा नगरला पोचायला उद्या भाऊसाहेब गावात हवेत.

संध्याकाळची एस्टी आली. दोघंही उतरले नाहीत.

बाई म्हणाली, "जेवाया ठेवून घेतलं असंल." जेवायला ठेवून घेतलं म्हणजे सोयरीक राहिली. न जेवता निघाले असतील तर वाटेत कुठेतरी, दुसऱ्या गाडीची वाट बघत.

ती चुलीपुढे बसलीय. दोघांच्या भाकरीचं पीठ परातीत काढलंय, पाणी शेजारी आहे. मळत नाहीये.