गालाला दांडा लावून तपासणाऱ्या कारागिराबद्दल

प्रति,
मा. सहायक संचालक (तंत्रज्ञान अनुदान),
लघुउद्योग साहाय्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : नव्या तंत्रज्ञानाचा आराखडा करण्यासाठीचं अनुदान नाकारलंय, त्याचा फेरविचार व्हावा.
संदर्भ : आपली दोन पत्रं. पहिलं 'सुधारणेची गरज दिसून येत नाही', दुसरं 'अचूकतेचा दाखला जोडावा'.

महोदय,

हा अर्ज मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केला, दोनदा पुसला. यात जे आहे ते कुणाला सांगू नको, असं माझ्या दोस्ताने बजावलं होतं. परवा तोच म्हणाला, "लिही बाबा, आता झाकायचं काय राहिलंय." म्हणून लिहितोय. कार्यालयीन भाषा मला जमत नाही. जे शिकलो ते मशीनवर आणि मोबाईलवर. सांभाळून घ्यावं.

१. आमचं वर्कशॉप चार माणसांचं. पाण्याच्या पंपात फिरणारे लोखंडी दांडे आम्ही घासून गुळगुळीत करतो. दांड्यावर केसाएवढी रेघ राहिली तरी पंप गळतो. ही रेघ शोधायचं काम माझ्या दोस्ताचं. कानामागे कायम लाल खडू, म्हणून त्याला सगळे खडूच म्हणतात. डोळे मिटून दांड्यावरून बोटं फिरवतो, रेघ लागली की लाल फुली मारून बाजूला ठेवतो. घासायचं हातमशीनही दहा वर्षं तोच धरत आलाय.

२. ही रेघ उजेडाने शोधणारं मशीन निघालंय. ते घ्यायच्या आधी जाणकाराकडून आराखडा करून घ्यावा लागतो आणि त्यालाच आपलं अनुदान आहे. फॉर्मात 'वर्षभरात परत आलेला माल' यापुढे मी ऐटीत शून्य लिहिलं. खरंच शून्य होता. त्यावर आपण कळवलं, सुधारणेची गरज दिसून येत नाही. म्हणजे थोडा माल बिघडवला असता तर काम झालं असतं. तक्रार नाही, नुसतं नोंदवतोय.

३. मी समक्ष येऊन विनंती केली, तेव्हा दुसरं पत्र मिळालं : सध्याच्या तपासणी-साधनाच्या अचूकतेचा दाखला जोडावा. आमचं साधन म्हणजे खडूची बोटं. तसं खिडकीवरच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "साधन आहे ना? मग दाखला लागणारच." म्हणून त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. वाटभर आम्ही हसत होतो. "एकेका बोटावर शिक्का मारून घेऊ," तो म्हणत होता.

४. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले. म्हणाले, "टोचलं की सांगा." उजव्या हाताच्या तीन बोटांवर रक्ताचे तीन थेंब आले. मी बघत होतो. खडू म्हणाला, "करा की सुरू, डॉक्टर." डॉक्टरांनी सुई ठेवली. हातमशीनच्या थरथरीने बोटं गेलीत, मशीन सोडलं नाही तर डावा हातही जाईल, असं सांगितलं. दाखला सोबत जोडलाय.

५. बाहेर बाकावर मी विचारलं, "मग तू तपासतोस कशाने?"
"गालाने."
आठ महिने. दांडा गालावरून फिरवायचा. गालावर तेल दिसलं की मला वाटायचं चेष्टा चाललीय. "तोंड धू रे माकडा," म्हणायचो मी. "घरी बसवशील म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. मला रडूबिडू आलं नाही. काहीच आलं नाही. बस आली, बसलो. आता तो माझ्यासमोरच गालाला दांडा लावतो. गालावर तेलाने पुरळ उठलंय. माल अजूनही परत येत नाही.

६. आता गुणांचं. अनुदानाला साठ लागतात, आमचे सत्तावन्न भरतात. रकाना चौदा, 'मनुष्यबळात होणारी कपात', त्याला पाच गुण आहेत. मॅडम आपलेपणाने म्हणाल्या, "दाखवा ना एक माणूस कमी." मामा लेथवर, आई पॅकिंगला, खडू आणि मी. यात कमी करण्यासारखा कोण, ते मॅडमनाही माहीत, मलाही माहीत आणि खडूलाही.

७. तरी विनंती की, सदर दाखला ग्राह्य धरावा. तपासणीचे साधन 'बोटे' ऐवजी 'गाल' असे वाचावे. परत आलेला माल शून्य असला तरी गरज आहे असे समजून कमी पडणारे तीन गुण गरजेच्या सदरात द्यावेत.

८. कालपासून हातमशीन मी धरतो. संध्याकाळी माझे हात थरथरत होते, तशाच हाताने खडूचा हात धरला आणि दाबला. त्याला कळलं नसावं, म्हणून मोठ्याने म्हणालो : नवीन मशीन आलं तर त्याच्यासमोर तूच बसशील, नाही आलं तरी तुझं स्टूल हलणार नाही, आणि रकाना चौदात मी शून्यच लिहीन. हा शब्द मी त्याला दिलाय.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
अर्जदार, दांडे घासणारे वर्कशॉप
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत : १. आपल्या दोन्ही पत्रांच्या प्रती. २. बोटांचा दाखला. ३. फॉर्म, रकाना चौदात शून्य भरलेला.