दारावरचं कार्ड

४ फेब्रुवारी, सोमवार

निवृत्तीनंतर आठ महिने घरी बसून सुनेच्या डोक्यावर मिरे वाटले, आता जरा जगाची पाळी. आजपासून मी वृद्धाश्रमात सेवेला जायला लागले. सूनबाईंना इतका आनंद झाला की डबा त्यांनी स्वतःहून भरून दिला.

तीन मजली पिवळी इमारत. आत फिनेलचा आणि उकडलेल्या बटाट्यांचा वास. मोठ्या सिस्टर गुबगुबीत, हसऱ्या, बोलणं लोण्याहून मऊ. मला काय येतं विचारलं. म्हटलं, कचेरीत एकतीस वर्षं कागदांच्या नकला लिहिल्या, अक्षर मोत्यासारखं आहे आणि नकलेत पदरचं एक अक्षर कधी घातलं नाही. त्यांनी लगेच मला कार्डांचं काम दिलं.

इथे प्रत्येक खोलीच्या दारावर प्लास्टिकच्या पाकिटात एक कार्ड असतं. चहा कसा, झोप कोणत्या कुशीवर, चिडल्यावर काय करावं. घरच्यांना नाव दारावर नको असतं, म्हणून वर फक्त खोलीचा नंबर. मावश्या आणि सिस्टर सारख्या बदलतात, त्यामुळे माणसाआधी कार्ड वाचायची पद्धत. जुनी कार्डं डागाळली आहेत, ती मी नव्याने लिहायची. एकच सूचना मिळाली, पेन कुठे विसरायचं नाही. एका आजीने मागे मावशीच्या तळहातात पेन खुपसलं होतं, तेव्हापासून आज्यांना फक्त रंगीत खडू.

सगळे मला काकू म्हणतात. मजा येणार आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा नंबरच्या आजींना सगळे मास्तरीणबाई म्हणतात, कारण त्या सगळ्यांच्या चुका काढतात. त्यांच्या कार्डावर लिहिलं आहे, "चहात दोन चमचे साखर. डाव्या कुशीवर झोपतात. आपण इथे सेवेला आलो आहोत, राहायला नाही, असं सांगतात. वाद घालू नये. हो म्हणावं. घड्या घालायला टॉवेल द्यावेत."

वाचून मला हसू आवरेना. कार्ड काढताना मास्तरीणबाईंनी माझं मनगट धरलं. हे कार्ड त्यांच्याच हातचं आहे म्हणाल्या. त्यांच्या आधी इथे जी बाई होती तिच्यासाठी त्यांनी ते लिहिलं होतं. मी नव्याने लिहू नये, अशी विनवणी केली. मी आपलं कार्डाप्रमाणे हो म्हटलं. अक्षर मात्र खरंच फळ्यावरच्यासारखं होतं, गोल आणि टपोरं. दुपारी बसून शब्दाला शब्द नक्कल केली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरीणबाईंनी बिस्किटाच्या कागदावर निळ्या खडूने भाच्याचा फोन नंबर लिहून दिला. फक्त एवढंच कळवा, म्हणाल्या, की मावशी शुद्धीत आहे. मी उद्या लावते म्हटलं. काल तेच म्हटलं होतं, परवाही तेच. त्या "उद्या" ऐकून इतक्या शहाण्या मुलीसारख्या गप्प होतात की मला गंमत वाटते. कागद कचऱ्यात टाकला.

मग एकतीस वर्षांत केलं नाही ते केलं. नकलेत पदरचं वाक्य घातलं. "कुणाला तरी फोन लावायला सांगतात. 'उद्या' म्हणावं, गप्प होतात." मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. घरी मास्तरीणबाईंची नक्कल करून दाखवली, तर सूनबाईंना ठसका लागला.

२७ फेब्रुवारी, बुधवार

मास्तरीणबाई सकाळी गेल्या. शेवटचे काही दिवस बोलत नव्हत्या, नुसते टॉवेल घडी करायच्या. भाचा सामान न्यायला आला होता. पन्नाशीचा, डोळे सुजलेले. मावशी आता कुणाला ओळखत नाहीत, भेटलात तर त्यांना त्रास होतो, असं त्याला इथून सांगितलं होतं म्हणे. मावशींनी माझी कधी आठवण काढली का, असं त्याने मला विचारलं. मी नाही म्हटलं. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला.

जरा वाईट वाटलं. पण जेवण गेलं.

२ मार्च, शनिवार

घ्या. आश्रमातच ओल्या फरशीवरून घसरले आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा डोकं धरून बसला. तेवढ्यात मोठ्या सिस्टरच म्हणाल्या, काकू आपल्याच आहेत, अकरा नंबर रिकामाच आहे, प्लास्टर निघालं की घरी न्या. मुलाचा चेहरा एकदम मोकळा झाला. नात तोवर माझ्या खोलीत अभ्यासाला बसेल.

बरंच झालं. सहा आठवडे आयता चहा. रोजनिशी आणि पेन पिशवीत आहेत.

८ मार्च, शुक्रवार

पाळ्या बदलल्या. नव्या मावशीने मला आजी म्हटलं. मला अजून साठ पुरी झालेली नाहीत. चहा गोड मिट्ट आणला. मी बिनसाखरेचा घेते असं सांगितलं, तर ती बाहेर जाऊन दारावर बघून आली आणि अजून साखर घातली.

कार्ड काढायचं राहून गेलेलं दिसतं. तिला नीट समजावलं की ते माझं नाही, मी इथे सेवेला येते. ती हो म्हणाली. अगदी प्रेमाने म्हणाली. मग टॉवेलांचा ढीग आणून मांडीवर ठेवला.

१२ मार्च, मंगळवार

मोठ्या सिस्टरांना कार्ड काढायला सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. काल पण म्हटलं होतं. कार्ड तिथेच आहे, दाराच्या काचेतून मागची बाजू दिसते.

घडी केलेले टॉवेल बाहेर नेऊन विसकटतात आणि तेच परत आणतात. एकाला चहाचा डाग आहे. आज तो चौथ्यांदा आला.

रात्री मला डाव्या कुशीवर वळवतात. पाय दुखतो म्हटलं तरी वळवतात.

१९ मार्च, मंगळवार

मुलगा आला. दाराच्या काचेतून दिसला. आत येण्याआधी थांबून कार्ड वाचत होता. सगळं वाचलं. मग पुन्हा वाचलं. बोट ठेवून.

आत आल्यावर मी सगळं सांगितलं. हे मास्तरीणबाईंचं कार्ड आहे, मी इथे फक्त सेवेला येत होते, तुला माहीत आहे ना. तो पायाशी बसला. आई, तुझंच अक्षर आहे ते, म्हणाला. तू स्वतःच लिहिलंस ना. मोठ्या सिस्टरांनी त्याला सांगितलंय की बऱ्याच जणींना आपलं आपल्याला आधी कळतं, आणि त्या सावध असतानाच लिहून ठेवतात.

मी म्हटलं, मला घरी ने. आत्ता. कडेवर घेऊन ने.

त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. उद्या, म्हणाला.

मी गप्प झाले. खरंच गप्प झाले. तो दाराशी उभ्या मोठ्या सिस्टरकडे बघून हसला, चला, कार्ड बरोबर आहे, अशासारखं.

२६ मार्च, मंगळवार

भिंतीला धरत गेले, कार्ड फाडलं. बारीक बारीक तुकडे. संध्याकाळी दुसरं लागलं. माझंच अक्षर, झेरॉक्स. खाली एक ओळ जास्त — कार्ड फाडतात, लक्ष ठेवावं.

फोन चार्जिंगला नेला तो नेलाच. पिशवी तपासतात. पेन प्लास्टरच्या आत सरकवलंय, पोटरीशी. टोचतं. टोचू दे. रोजनिशी गादीखाली.

मुलगा नाही आला.

५ एप्रिल

चहा प्याले. गोड होता. बरा लागला —

नाही. मी बिनसाखरेचा घेते. बिनसाखरेचा. मी बिनसाखरेचा घेते.

९ एप्रिल

नवी बाई आली आहे सेवेला. चष्मा, हसरी. सगळे तिला काकू म्हणतात.

कचेरीतल्या मैत्रिणीचा नंबर आठवतो, तोच एक पाठ आहे. बिस्किटाच्या कागदावर लिहून दिला. हिरवा खडू. पेन दाखवायचं नाही. फक्त एवढंच कळवा म्हटलं, की मी शुद्धीत —

तिने कार्डाकडे बघितलं.

उद्या म्हणाली.

काचेतून दिसलं. बाहेर गेली, कागद चुरगळला, डब्यात टाकला. मावशीला काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. मी पण अशीच —

भाच्याला मी नाही म्हटलं होतं. आठवण काढली होती. रोज काढली होती. रोज.

१३ एप्रिल

आज सहा आठवडे. प्लास्टर आज निघणार. प्लास्टर निघालं की घरी, सगळ्यांसमोर ठरलंय. मुलगा येईल. पिशवी भरून बसले आहे.

चष्मेवाली दाराशी आहे. कार्ड काढून घेतलंय. नव्याने लिहिणार. मनगट धरलं तिचं — लिहू नका, हे माझ्या हातचं आहे, माझ्याआधी इथे होती तिचं — पाया पडले. ती हो हो म्हणाली. प्रेमाने. खाली बसून लिहायला लागली. अक्षर सुरेख आहे. माझ्यापेक्षाही —

मोठ्या सिस्टर येताहेत. हातात प्लास्टर कापायचं ते. मागे दोन मावश्या. मुलगा नाही. मुलगा कुठेच नाही.

पेन आत ठेवलं तर कापताना सापडेल. बाहेर ठेवलं तर — मग लिहिणार कशाने, मग मी कोण हे कुठे —

काकूंना सांगताहेत, एक ओळ अजून घाला, आजी पेन लप